आई-वडिलांच्या युद्धकाळातल्या आठवणी कशा नोंदवून ठेवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७१च्या डिसेंबरात जे विशी-पंचविशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. १९६५ पाहिलेले ऐंशी ओलांडून गेले आणि १९६२चे तर गावागणिक एखाद-दुसरेच उरलेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, कोकण, बेळगाव या पट्ट्यात असं गाव क्वचितच सापडेल जिथं एखाद्या घराच्या माळ्यावर नाव आणि नंबर रंगवलेली काळी ट्रंक नाही. लढायांचा इतिहास पुस्तकांत मिळतो. तुमच्या वडिलांनी त्या डिसेंबरात कुठं झोप काढली, काय खाल्लं, घरचं पत्र कोणी वाचून दाखवलं, हे मात्र त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. खालची सगळी उत्तरं तेवढ्यासाठी आहेत.

बाबा म्हणतात, "सांगण्यासारखं काही नाही." सुरुवात कशी करू?

युद्धापासून करू नका. "बाबा, ७१चं सांगा ना" म्हणत समोर फोन धरलात की ते वर्तमानपत्रात छापून येतं तसलं काहीतरी चार वाक्यांत सांगून मोकळे होतील. भरतीपासून सुरू करा. भरतीचं मैदान कोणतं होतं, गावातून बरोबर कोण गेलं, छाती भरली का, वय खरं सांगितलं की वाढवून, घरी आधी सांगितलं की परस्पर गेले? भरती होऊन ट्रेनिंग सेंटरला पोचले तेव्हा पायात काय होतं? भाकरी खाणाऱ्या पोराला लंगरची (फौजी स्वयंपाकघरातली) चपाती-डाळ पहिल्या दिवशी कशी लागली? बेळगावला, खडकीला, नाशिक रोडला किंवा सागरला ट्रेनिंगमध्ये उस्ताद कोण होता, शिक्षा काय मिळायची? इथपर्यंत बाबा हसून बोलायला लागलेले असतात. त्यानंतर पलटण कुठं हलली, गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली, असं विचारत गेलात की युद्धाचा विषय आपोआप येतो. तो येईपर्यंत दोन-तीन बैठका गेल्या तर जाऊ द्या.

नेमके कोणते प्रश्न विचारावेत?

ज्यांचं उत्तर डोळ्यांसमोर दिसतं असे. "तेव्हा काय वाटलं?" या प्रश्नाला फौजी माणूस बहुतेक वेळा "काय वाटणार, ड्युटी होती" एवढंच म्हणतो. "मोर्चा (लढाईचा खंदक) खणायला किती वेळ लागला? माती कशी होती? पाणी लागलं का?" असं विचारा, मग बघा. पंजाबातली ऊसाची आणि कपाशीची शेतं, राजस्थानची वाळू, पूर्वेकडची भाताची खाचरं आणि वाटेत येणारी नदी, नेफातली (आजच्या अरुणाचलातली) थंडी, प्रत्येकाची माती वेगळी आहे आणि माती आठवली की माणसंही आठवतात.

कपडे आणि बूट विचारा. १९६२ला अनेकांना मैदानी हवेतल्या कपड्यांवर हिमालयात जावं लागलं, हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल. कोणाचे बूट ओले राहिले, कोणाची बोटं गेली, हे तुमच्या बाबांच्या तोंडून ऐका. १९६५ला जम्मूपर्यंत रेल्वे पोचलेली नव्हती. पठाणकोटला उतरून पुढं ट्रकनं जावं लागायचं. त्या रस्त्यावर गावकऱ्यांनी पुऱ्या, लस्सी, फळं देऊन ट्रक थांबवल्याच्या आठवणी पुष्कळ जण सांगतात. तुमच्या बाबांना कोणी काय दिलं?

पत्रांबद्दल जरूर विचारा. "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढ्याच पत्त्यावर घरचं पत्र जायचं. मुलगा नेमका कुठं आहे हे घरच्यांना कळायचं नाही. लिहिता न येणाऱ्या सोबत्याची पत्रं कोण लिहायचं? मनिऑर्डर किती रुपयांची जायची? शेजारचा जवान कोणत्या मुलखातला, त्याची भाषा कळायची का? देव कोणता होता, कंपनीत गणपती बसायचा का? पहिला तोफेचा गोळा पडला तेव्हा शेजारी कोण होतं?

एक प्रश्न मात्र विचारू नका: "किती जणांना मारलं?" घरातली लहान मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, तेव्हा त्यांना आधीच बाजूला घेऊन समजावा. बाबांना स्वतःहून सांगायचं असेल तर ते सांगतील, आणि तेव्हा तुम्ही फक्त ऐका.

बाबा लढले नाहीत. ते स्वयंपाकी होते (किंवा ड्रायव्हर, क्लार्क, धोबी). नोंदवण्यासारखं आहे का?

आहे, आणि माझ्या मते याच आठवणी सगळ्यात आधी नोंदवायला हव्यात. लढाईचे अहवाल कंपनीनं काय केलं हे सांगतात. त्या कंपनीला रात्री दोन वाजता धूर न दिसता गरम चहा कसा पोचला, हे त्यात क्वचितच असतं. एमटीचा (मोटर ट्रान्सपोर्टचा) ड्रायव्हर दिवे न लावता ट्रक कसा चालवायचा, पुढच्या गाडीच्या मागं रंगवलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर कशी ठेवायची, परतताना ट्रकमध्ये कोण झोपवलेलं असायचं, हे त्यालाच ठाऊक. सिग्नलवाल्यानं तारा अंथरल्या, सॅपर्सनी (फौजेच्या इंजिनिअरांनी) पूल टाकला, मेडिकलवाल्यानं रक्त थांबवलं. रामा राघोबा राणे यांना १९४८ साली नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर परमवीरचक्र मिळालं ते सुरुंग काढण्याच्या आणि रणगाड्यांना वाट करून देण्याच्या कामासाठी. ते बॉम्बे सॅपर्सचे होते. रस्ता करून देणं हीच त्यांची लढाई होती.

खडकी, देहू रोड, भुसावळ, वरणगाव इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि डेपोत काम केलेल्यांनाही हेच लागू. त्यांनी गणवेश घातला नव्हता, पण युद्धाच्या काळात त्यांच्या शिफ्ट कशा चालायच्या हे विचारलं पाहिजे. नौदलातल्या वडिलांना बंदरातल्या दिवसांबद्दलही विचारा. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला हे सर्वांना माहीत आहे. पण त्या बोटी निघण्याआधी आणि परत आल्यावर मुंबईच्या गोदीत काय चाललं होतं हे सांगणारे थोडेच आहेत.

रेकॉर्डिंग कशावर करायचं? वेगळं यंत्र घ्यावं लागेल का?

नाही. हातातला फोन पुरतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीच्या मध्यात बँकेचा फोन येतो. घडी घातलेल्या टॉवेलवर, बाबांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा, आणि उकडत असेल तर सकाळी लवकर बसा. स्वयंपाकघरातला कुकर, रस्त्यावरची भाजीची गाडी, टीव्ही या तिन्हींचा आधी विचार करा. पहिल्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून लगेच ऐकून बघा. सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा निवडता येत असेल तर सगळ्यात वरचा निवडा.

व्हिडिओ की फक्त आवाज? मला विचाराल तर आधी आवाज. कॅमेरा समोर आला की म्हातारी माणसं ताठ बसतात आणि सभेत बोलल्यासारखं बोलतात. दोन-चार बैठका झाल्यावर व्हिडिओ घ्या. तेव्हा मेडल, फोटो, नकाशा हातात द्या, म्हणजे हातवारे आणि चेहरा दोन्ही मिळतील.

एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला. कानाचं यंत्र असेल तर ते घातलेलं आहे ना बघा, आणि बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय एवढं बोलून ठेवा. आता ते अनावश्यक वाटेल, पण तीस वर्षांनी नातवाला तेच लागेल. फाइलचं नावही तसंच द्या: आधी तारीख, मग नाव, मग विषय. एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे ठेवा. फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवून निर्धास्त राहू नका. फोन बदलला की तिथल्या फाइली हरवतात.

त्यांच्या तारखा पुस्तकाशी जुळत नाहीत. मधेच दुरुस्त करू का?

बोलताना अजिबात अडवू नका. नंतर ताडून पाहा, आणि ताडताना पुस्तक बरोबर आणि बाबा चूक असं धरून चालू नका.

१९७१चंच घ्या. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण शाळेत शिकतो. पण पूर्वेकडे त्याआधीच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बोयरा-गरीबपूर आणि हिली भागात आपल्या फौजा भिडलेल्या होत्या. म्हणून "आम्ही ३ तारखेच्या आधीच पलीकडे होतो" असं बाबा म्हणाले तर ते खरं असण्याची शक्यता मोठी आहे. तसंच १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली म्हणून पश्चिमेकडचे जवान लगेच घरी आले नाहीत. सिमला करार २ जुलै १९७२चा, आणि ताब्यातल्या प्रदेशातून फौजा मागे येईपर्यंत १९७२ संपत आलं होतं. कितीतरी बायकांना "युद्ध संपलं तरी हे का येत नाहीत" हे कोडं वर्षभर सुटलं नव्हतं. १९६५लाही असंच झालं. युद्धबंदी सप्टेंबरात, ताश्कंद करार १० जानेवारी १९६६ला, आणि फौजा मागे आल्या त्या फेब्रुवारीत.

दोन युद्धांची सरमिसळ मात्र होते, विशेषतः ६५ आणि ७१ दोन्ही पाहिलेल्यांची. तेव्हा काही खुणा कामाला येतात. कोणाला "जमादार साहेब" म्हणत असतील तर गोष्ट जुनी आहे, कारण १९६५नंतर जमादाराचा नायब सुभेदार झाला. "ऑपरेशन विजय" म्हणाले तर जपून, कारण हे नाव १९६१च्या गोवा मोहिमेलाही होतं आणि १९९९च्या कारगिललाही. मेडल सगळ्यात खात्रीचं. रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार १९६५चे. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१चे. पूर्वी स्टार असेल तर बाबा पूर्वेच्या आघाडीवर होते, पश्चिमी असेल तर पश्चिमेच्या. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नाव आणि नंबर कोरलेला असतो, तोही भिंगातून वाचून घ्या.

ताडल्यावर फरक आढळला तर त्यांचं वाक्य तसंच ठेवा आणि खाली तुमची टीप लिहा. त्यांच्या तोंडी तुमची तारीख घालू नका.

ते त्यांच्या पलटणीचा तोच प्रसिद्ध किस्सा पुन्हा पुन्हा सांगतात. स्वतःचं सांगतच नाहीत.

असं फार घरांत होतं. पलटणीचा किस्सा हा सगळ्यांचा असतो, तो रियुनियनमध्ये आणि रायझिंग डेला (पलटणीच्या स्थापना दिनाला) इतक्यांदा ऐकलेला असतो की स्वतःच्या आठवणीत मिसळून जातो. १ मराठा (मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन), म्हणजे जंगी पलटण, १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर जमालपूरला होती. तिथल्या वेढ्यात ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याचं पत्र पाठवलं आणि उत्तरात पत्राबरोबर बंदुकीची गोळी आली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. जंगी पलटणीतल्या कुणालाही ती अभिमानानं सांगावीशी वाटणारच. पूर्ण सांगू द्या. मग विचारा: "ते पत्र आलं तेव्हा तुम्ही कुठं होता? तुम्हाला कधी कळलं, कोणाकडून? त्या रात्री तुमची कंपनी कोणत्या रस्त्यावर होती?"

इथून त्यांची स्वतःची रात्र सुरू होते. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं नोंदवलं की दोन्हीची किंमत राहते. लिहिताना "मी पाहिलं" आणि "आम्हाला असं सांगण्यात आलं" ही त्यांची वाक्यं जशीच्या तशी ठेवा.

बोलता बोलता बाबा गप्प झाले किंवा रडले तर?

तुम्हीही गप्प बसा. पाणी पुढे करा. रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना आठवण करून द्या आणि बंद करायचं का ते विचारा. "रडू नका बाबा, अभिमानाची गोष्ट आहे" असं म्हणू नका. त्यांना त्या क्षणी अभिमान आठवत नसतो, शेजारच्या मोर्चातला पोरगा आठवत असतो.

रात्री झोप न लागणं, दिवाळीच्या फटाक्यांनी दचकणं, डिसेंबर आला की अबोल होणं हे ज्या घरांत आहे त्यांनी जास्त जपून चालावं. एखादा विषय त्यांनी एकदा बाजूला सारला तर पुन्हा त्यावर येऊ नका. बैठकीनंतर लगेच उठून जाऊ नका. चहा घ्या, शेताचं किंवा नातवाच्या शाळेचं बोला, मगच उठा. त्रास वाढतोय असं वाटलं तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. आठवण नोंदवून घेणं हे काम बाबांच्या झोपेपेक्षा मोठं नाही.

आईलाही विचारावं का?

हो, आणि वेगळं बसवून. बाबा शेजारी असले की आई "ह्यांनाच विचारा" म्हणते.

बाबा सरहद्दीवर होते तेव्हा आई विशीतली, कडेवर एक आणि पोटात एक, सासरी. शेत कोणी केलं? मनिऑर्डर कोणाच्या हातात पडायची, तिच्या की सासऱ्यांच्या? पत्र दुसऱ्या कोणी वाचून दाखवायचं म्हटल्यावर त्यात नवऱ्याला काय लिहिता यायचं? रेडिओ गावात कोणाकडे होता, बातम्यांना कोण कोण जमायचं? पोस्टमन तार घेऊन गल्लीत शिरला की किती घरांची दारं उघडायची? अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत, जिथं जवळजवळ प्रत्येक घरातला कोणीतरी फौजेत, तिथल्या बायकांनी हे दिवस एकमेकींच्या आधारानं काढले. त्यांच्या गाण्यांत, ओव्यांत ते असेल तर तेही म्हणवून घ्या.

शिवाय आई स्वतः मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये असेल तर तिची कहाणी बाबांइतकीच सविस्तर हवी. जखमींच्या गाड्या हॉस्पिटलात आल्या त्या रात्रीचं तिनं पाहिलेलं कोणी पाहिलेलं नाही.

वडिलांना आता विसर पडतो. उशीर झाला का?

थोडा झाला, पण काम संपलेलं नाही. जवळचं विसरणाऱ्यांना दूरचं पुष्कळदा नीट आठवतं. तोंडी प्रश्नापेक्षा वस्तू हातात द्या: बेरेट, बेल्ट, ग्रुप फोटो, डिस्चार्ज बुक. फोटोवर बोट ठेवून "हा कोण?" एवढंच विचारा. बैठक दहा मिनिटांची ठेवा. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा, परेडचे हुकूम, पलटणीचं गाणं यांतून कधी कधी जे बाहेर येतं ते दहा प्रश्नांनी येत नाही. आठवत नसेल तर आठवायला लावू नका.

हे सगळं बाहेर सांगितलं तर गुपितं फोडल्याचा गुन्हा होईल का?

ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण १९६५ किंवा १९७१च्या मोर्चातली डाळ, थंडी, सोबती, घरची पत्रं यांत गुपित काही नाही. २०२१ साली संरक्षण मंत्रालयानं युद्धांच्या सरकारी नोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण ठरवलं आहे. अर्थात ते सरकारी कागदांबद्दल आहे, त्यामुळे आपल्याला सरसकट मोकळीक मिळत नाही.

काळजी अलीकडच्या सेवेबाबत घ्या. कारगिल, नियंत्रण रेषा, सियाचीन, काश्मीर किंवा ईशान्येतल्या मोहिमा यांबद्दल बोलताना चौक्यांच्या जागा, आजही वापरात असलेली यंत्रसामग्री, संदेशांच्या पद्धती आणि मदत करणाऱ्या स्थानिक माणसांची नावं घरच्या रेकॉर्डिंगमध्येही न आलेली बरी. बाबा "हे नको" म्हणाले की तिथं थांबा, त्यांना सीमा आपल्यापेक्षा नीट कळते. घरातला कोणी अजून सेवेत असेल तर त्यानं परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करू नये.

बाबा श्रीलंकेत होते. ते म्हणतात, "ते काय युद्ध नव्हतं."

१९८७ ते १९९० शांतिसेनेत गेलेल्यांकडून हे ऐकायला मिळतं. घोषित युद्ध नव्हतं, परतल्यावर १९७१सारखं स्वागत नव्हतं, आणि माणसं मात्र गेली. हे आधी नोंदवा. त्यांचं वय अजून साठ-सत्तरच्या घरात आहे, स्मरण ताजं आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांना फारसं कोणी विचारलेलं नाही. काँगोत १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत गेलेल्यांनाही फारसं कोणी विचारलेलं नाही.

मराठीत लिहून काढताना त्यांची भाषा सुधारावी का?

नको. फौजी माणूस मराठी, हिंदी आणि छावणीतली इंग्रजी एकत्र बोलतो. "सीओ साहेबांनी ऑर्डर दिली, फौरन मूव्ह करायचं, लंगर मागं राहिला" (सीओ म्हणजे पलटणीचा प्रमुख अधिकारी) हे वाक्य तसंच राहू द्या. घाटावरची, कोकणातली, बेळगावकडची बोलीही राहू द्या. फोनवरची आवाजावरून टाइप करणारी सोय पहिला खर्डा करायला बरी, पण गावांची आणि माणसांची नावं ती हमखास बिघडवते. त्यामुळे एकदा रेकॉर्डिंग ऐकत ओळ न् ओळ तपासावीच लागते. ज्या शब्दांचा नातवंडांना अर्थ लागणार नाही ते शेवटी एका पानावर समजावून द्या.

व्हॉट्सअॅप, यूट्यूब, गावच्या ग्रुपवर टाकू का?

आधी बाबांना विचारा, आणि त्यांचं उत्तर रेकॉर्ड करा. "घरात ऐकलं तर चालेल, बाहेर नको", "मी गेल्यावर द्या", "अमक्याचं नाव काढून द्या" अशी उत्तरं येतात आणि ती पाळायची असतात. कोण कसा मेला हे सांगताना त्या जवानाचं घर कुठंतरी आहे हे लक्षात ठेवा. त्याच्या बायकोला कदाचित वेगळं सांगितलं गेलं असेल. असा भाग त्या घराशी बोलल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. घाबरलेल्या किंवा पळालेल्या कोणाचं नाव असेल तर तेही काढा.

सर्व्हिस नंबर, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचं पासबुक, घरचा पत्ता दिसेल असा फोटो कुठंही टाकू नका. पेन्शनरांना फसवणारे याच गोष्टी शोधत असतात. पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग टाकण्यापेक्षा सात-आठ मिनिटांचा एक प्रसंग टाका, लोक शेवटपर्यंत ऐकतात. आणि वर भडक मथळा किंवा मागं सिनेमातलं संगीत लावू नका. पुष्कळ जुने फौजी समोरच्या बाजूच्या जवानाबद्दलही आदरानं बोलतात, ते कापू नका.

छापील पुस्तिका करायची असेल तर पंचवीस-तीस प्रतीही पुरतात. घरात, गावच्या वाचनालयात, बाबा शिकले त्या शाळेत द्या. पलटणीला आणि रेजिमेंटल सेंटरलाही पत्र लिहून एक प्रत पाठवा.

जुनी पत्रं, फोटो, मेडल यांचं काय करायचं?

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. इनलँड पत्राच्या घड्या हळू उघडून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पोस्टाचा शिक्काही आला पाहिजे, तारीख तिथंच सापडते. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, आणि हे बाबा आहेत तोवर करा. मेडल घासून चकचकीत करण्याच्या नादात कडेवरचा नंबर झिजतो. फीत विटली असली तरी जुनी फीत जपून ठेवा.

वडील गेले. आता काय मिळू शकेल?

घरातूनच सुरू करा: डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडल, फोटोमागचे शिक्के. यातून नंबर, हुद्दा आणि पलटण कळली की संबंधित रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलाचं) सिकंदराबादला. नौदलाच्या नाविकांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. पत्रासोबत मृत्यूचा दाखला आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. पेन्शन न मिळालेल्यांची जुनी कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, म्हणून सगळं मिळेलच असं धरू नका. पत्र कसं लिहायचं याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते आणि तिथं बाबांच्या पलटणीतला दुसरा कोणी भेटण्याचीही शक्यता असते. तो भेटला तर फोन घेऊन त्याच आठवड्यात जा.

वडील युद्धात गेले असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. नौदलाची युद्धनौका खुखरी ९ डिसेंबर १९७१ला बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांचं स्मारक दीवला आहे.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. घरात फक्त "इटलीला होते" एवढंच माहीत आहे.

तेवढ्यावरूनही माग काढता येतो. मराठा पलटणी १९४१ला एरिट्रियात केरेनला होत्या, नंतर इटलीत. माणगावजवळचे यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिल्या. आजोबांची बटालियन कोणती हे मेडलवरून किंवा जुन्या कागदावरून कळलं तर ती कोणत्या महिन्यात कुठं होती हे रेजिमेंटच्या इतिहासात सापडतं. तिकडेच मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आहेत आणि ती यादी इंटरनेटवर मोफत शोधता येते. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे घालून बघा. जाधव, शिंदे, मोरे, पवार अशी आडनावं शेकड्यांनी असल्यामुळे नुसत्या आडनावावर जाऊ नका, वडिलांचं नाव आणि गाव जुळतं का ते पाहा. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं तुमच्या वडिलांना किंवा आत्याला जे आठवतं तेही रेकॉर्ड करा, आणि ते कोणी कोणाकडून ऐकलं हे नावानिशी लिहून ठेवा.